अंगणवाडीमागचा उतार

उताराची माती बाई नखाने खरवडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि मग समोरच्याकडे अशा बघायच्या, की जणू वास त्यालाच मारतोय. त्यानंतर ठरलेला प्रश्न यायचा.

"पाहिलंत की ऐकलंत?"

तुमच्याही कामावर असं एखादं माणूस येऊन गेलं असेल. काहीही सांगा, आधी पुरावा द्या. "मॅडम, टँकर निघालाय." "पाहिलंत की ऐकलंत?" तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे बाई. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. हे लिहितानाही आवडत नाहीत.

काम डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत होतं. अंगणवाडीला जागा काढताना मागची टेकडी उभी कापली होती आणि दर पावसाळ्यात तिची माती थोडी थोडी सुटत होती. भिंत बांधायला कुणी पुढे येत नव्हतं. तेव्हा एका कॉलेजातून या बाई आपला प्रयोग घेऊन आल्या. मातीतच राहणारे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे, पाण्यात मिसळून उतारावर फवारायचे आणि वरून युरिया आणि कॅल्शियमचं पाणी पाजायचं. जिवाणू युरिया फोडतात, गोठ्यासारखा उग्र वास सुटतो आणि मातीच्या कणाकणांत चुनखडी धरते. असे हात पुन्हा पुन्हा दिले की माती बोटाने सुटत नाही. मी पिंपरी पेंढारचा, टोमॅटो करणारा. फवारणीची सवय म्हणून मला देखरेखीला घेतलं होतं.

सरपंचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, युरिया आमाला पिकाला मिळंना, आन् तुमी डोंगराला चारताय व्हय?"

"पीक तुमच्या पोरांच्या डोक्यावर पडणार नाही," बाई म्हणाल्या. सरपंच त्यानंतर आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत.

माणसं तोडायची त्यांना हौसच होती. शेजारच्या घरातून आलेला चहा त्यांनी एक घोट घेऊन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हा पाक कुणी केला?" दुसऱ्या दिवसापासून चहा बंद, आमचाही. एकदा मी वहीत 'अंदाजे वीस लिटर' लिहिलं, तर त्यांनी सगळ्यांदेखत पान फाडलं. "अंदाज घरी ठेवून या," म्हणाल्या. मी चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, आणि उन्हात बसून पान पुन्हा लिहून काढलं.

त्यांचं जमायचं ते फक्त अंगणवाडीतल्या पोरांशी. दुपारी त्या पायरीवर बसायच्या आणि घट्ट झालेल्या मातीचा गोळा आणि एक खिळा पोरांसमोर ठेवायच्या. चार वर्षांची एक मुलगी एकदा म्हणाली, "लई टणक हाय."

"टोचून पाहिलंस की ऐकलंस?"

"टोचलं."

बाईंनी मान डोलावली आणि तिचं नाव आपल्या वहीत लिहिलं. त्या वहीत माझं नाव कधी आलं नाही, आणि याचा मला राग आला होता हे कबूल करतो.

चुनखडी मातीत धरते तशी ती पंपाच्या नोझलमध्येही धरते. शेवटचा पट्टा राहिला होता, नेमका अंगणवाडीच्या छपरामागचा, आणि कामाचा नवा पंप पार चोंदून बसला. बाई त्या आठवड्यात कॉलेजात होत्या. दुसरा कुठलाही पंप वापरायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण जिवाणूंचे कॅन भरून पडले होते, ते फार दिवस टिकणार नव्हते, आणि फोन केला असता तर अर्धा तास बोलणी खावी लागली असती. मी घरून माझा टोमॅटोचा पंप आणला. दोनदा पाण्याने खळबळला. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना आमच्याकडे सगळे एवढंच करतात. मग त्याच पंपाने तो अख्खा पट्टा पुरा केला.

बाई आल्या. "पंप धुतला होतात?"

"धुतला होता."

खोटं काहीच नव्हतं. कुठला पंप, हे त्यांनी विचारलं नाही. नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. मला वाटलं, चला, एकदाचं मला माणसात मोजलं.

तीन आठवड्यांनी बाकीचा उतार विटेसारखा झाला होता आणि त्या पट्ट्यात नख रुतत होतं. संध्याकाळी घरी येऊन मी माझा पंप उघडला. तळाशी निळी कड होती. मोरचूद. टोमॅटोच्या करप्यावर मारलेलं. मोरचूद बुरशीबरोबर जिवाणूही मारतं हे मला कुणी शिकवायला नको. मी पंप घासून लख्ख केला आणि खुंटीला टांगला.

पुन्हा सगळे हात द्यायला वेळ उरला नव्हता. पाऊस आठ-दहा दिवसांवर होता. बाईंनी स्वतः सांगून ग्रामसभा बोलवायला लावली आणि उभं राहून म्हणाल्या, "मधला पट्टा धरलेला नाही. अंगणवाडी आजच हलवा."

सगळे एकदम बोलू लागले. सरपंच म्हणाले, "तुमीच म्हनला व्हता, दगुड व्हईल. आता पोरं न्यायची कुटं?" त्या चहावाल्या घरातली मालकीण उठली. "आमच्या लेकरांच्या जिवावर परयोग केला का वो तुमी?"

"केला," बाई म्हणाल्या. "आणि तो फसला. म्हणून मुलं तिथं नकोत."

"फवारनीत काय गडबड झाली का?" सरपंचांनी माझ्याकडे बघत विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधीच बाई बोलल्या. "पंप यांनी धुतला होता. तिथं काही झालेलं नाही. जिवाणू माझे होते. चूक माझी, तसं लिहून घ्या."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. मी सतरंजीची वीण बघत राहिलो.

पोरं देवळाच्या सभामंडपात गेली. पावसाच्या पाचव्या दिवशी तो पट्टा खाली आला, फक्त तोच. मागची भिंत आत पडली आणि पोरं जिथे ओळीने बसायची तिथे खिडकीपर्यंत चिखल भरला. कुणाला खरचटलंही नाही. दोन्ही बाजूंचा उतार जागच्या जागी उभा होता, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बाईच्या युरियाने डोंगर भुसभुशीत झाला, असं वाडीत ठरलं. आजही तसंच सांगतात. मी तिथे गेलो की मलाही सांगतात, आणि मी ऐकून घेतो.

प्रयोग बंद झाला. कॉलेजात त्यांना बरंच ऐकावं लागलं म्हणे. पुढे त्या कुठे गेल्या ते मला माहीत नाही. फोन मी एकदाच लावला, तो लागला नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

मला त्यांचा राग आहे तो चहाचा नाही आणि फाडलेल्या पानाचाही नाही. साऱ्या जगाला टोचून पाहणारी ही बाई, माझ्यापाशी येऊन शब्दावर थांबली. एक प्रश्न विचारला असता तर मी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. मग लाज वाटते, आणि लाजेपेक्षा राग बरा म्हणून परत त्यांच्यावर रागावतो.

जाताना त्यांनी मला एक पत्र दिलं, न मागता. त्याच पत्रावर मला जुन्नरला माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम मिळालं. पत्र तीन ओळींचं आहे. शेवटची ओळ मला पाठ आहे. 'साधनांच्या स्वच्छतेबाबत यांच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही.'