मामाजींचा सूर्य आणि तुरीचा दाणा

सूर्याने एकदा माझं लग्न मोडायला घेतलं होतं.

गोष्ट १९८०च्या आसपासची. मी वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवायचो आणि एका साप्ताहिकात ‘विचारा, सांगतो’ हे सदर लिहायचो. वाचकांनी विज्ञान-गणितातल्या शंका विचारायच्या, मी उत्तरं द्यायची. अडचण एकच. कोणी काही विचारायचंच नाही! (वर्षभरात एक कार्ड आलं, तेही ‘अंक मिळाला नाही’ असं.) मग प्रश्नही मीच तयार करायचो आणि खाली ओळखीच्यांची नावं टाकायचो. नाव छापून आलं की माणसं खूश!

त्याच सुमारास माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. होणारे सासरे गुलाबराव हे गिरडचे मोठे शेतकरी आणि तिथल्या शाळा समितीचे अध्यक्ष. लग्नाची तारीख तेवढी काढायची राहिली होती. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. तर मामाजींना खूश करावं म्हणून मी छापलं : ‘सूर्य रात्री कुठे जातो? – गुलाबराव, गिरड.’ उत्तराची सुरुवातही प्रेमाने केली : ‘असे प्रश्न विचारायला लाजू नये.’

अंक निघाला आणि चौथ्या दिवशी मामाजी आमच्या दारात! हातात गुंडाळलेला अंक. आईने पाणी पुढे केलं, तर ते म्हणाले, “राहू द्या.” पाणीसुद्धा नको!

“हे मी कधी पुसलं तुमाले?”

“मामाजी, ते... आदरानं...”

“आदर? जाम गावच्या एस.टी. स्टँडवर पानवाल्यानं सुपारी फिरवून मले पृथ्वी समजावली! शाळेत गेलो, तं चौथीतली पोरगी म्हणते, आजोबा, सूर्य शोधाले कंदील आणू का?”

आई माझ्या कानाशी कुजबुजली, “काऊन केलं रे बापा असं? गेली आता तारीख!”

“आता खराखुरा प्रश्न पुसतो,” मामाजी म्हणाले. “चांद उगवते तवा परातीएवढा दिसते, डोक्यावर आला का वाटीएवढा. काऊन?”

हुश्श! हे मला येत होतं. (निदान तसं वाटत होतं.)

“हवेमुळे, मामाजी! खाली हवा दाट असते, ती भिंगासारखं मोठं करून दाखवते.”

“मोजलं का कधी?”

“...नाई.”

मामाजींनी खिशातून तुरीचा एक दाणा काढला. “हात लांब करून हा दाणा मी चांदासमोर धरला. उगवला तवा जेवढा झाकला, डोक्यावर आला तवाबी तेवढाच झाकला. चांद तेवढाच राह्यते, मास्तर. फसते तो आपला डोळा!”

माझी अख्खी एम.एस्सी. त्या दाण्यामागे झाकली गेली. आता साक्षगंधात आम्ही मुलीला दिलेलं लुगडं परत येणार, याची मी मनात तयारी केली.

“मोजलं नाई, हे तरी खरं बोलले तुमी,” मामाजी म्हणाले. “आणा तो गिलास. काढू तारीख. पण पुढच्या अंकात हा प्रश्न तुमच्या नावानं, अन् उत्तर माह्या!”

छापलं. काय करतो!

आणि सदराला पहिल्यांदाच वाचकांची खरी कार्डं आली. तीन. तिन्ही मामाजींच्या नावावर! दोघांनी त्यांचे आभार मानले होते. तिसरं जामच्या पानवाल्याचं होतं : ‘मास्तरले आता सूर्य रात्री कुठं जाते, तेबी समजावून टाका. सुपारी लागत असन तं धाडतो.’