आटेवाल्यांनी न सांगितलेलं माप

गॅरेजच्या वरच्या खोलीत आटेवाल्यांची बॅग आठ दिवसांपासून भरून तयार होती. उद्या सकाळी सातची बस, संध्याकाळी लेकीचं घर. लेक तीन वर्षं मागे लागली होती. जावई तर फोनवर म्हणाला, "तुमची खोली रंगवून झालीय. आता नाही आलात तर मला सासरे भाड्यानं आणावे लागतील."

आटेवाले हे काही आडनाव नव्हे. इंजिनात बोल्ट ज्या भोकात पिळून बसतो, त्याच्या आतल्या अंगाला बारीक फिरत्या खाचा असतात. त्या म्हणजे आटे. एखाद्या उत्साही गड्यानं बोल्ट जास्त आवळला, की आटे झिजून सपाट होतात आणि बोल्ट नुसता गरगर फिरत राहतो. मग इंजिन यायचं यांच्या टेबलावर. हे ते भोक थोडं मोठं करायचे, टॅपनं, म्हणजे खाचा कापणाऱ्या पोलादी दांडीनं, नवे आटे पाडायचे आणि आत तारेची घट्ट गुंडाळी पिळून बसवायचे. रुसलेला बोल्ट मुकाट्यानं घरी नांदायला लागायचा.

एकतीस वर्षं त्यांनी हे काम लोकांकडे पाठ करून केलं. पाठीचा पडदा एकदा पडला, की आतला प्रयोग फक्त त्यांचा. गॅरेज मोठ्या भावाचं. तो म्हणायचा, "अरे, सख्खा भाऊ आहे मी तुझा. मला तरी बघू दे." त्यालाही दाखवलं नाही. मग भाऊ गेला, गॅरेज वहिनींच्या अंगावर पडलं, आणि आटेवाल्यांच्या ध्यानात आलं, की एवढी वर्षं आपण आपल्याच पायात दोरी बांधत होतो. दुसऱ्या कुणाला येतच नाही, तर सुटायचं कसं?

वहिनी सरळ बोलल्या. "भावजी, खुशाल जा. पण हे काम माझ्या हातात ठेवून जा."

वहिनींनी आयुष्यभर शिवणाचं मशीन चालवलेलं, त्यामुळे हात हलका. महिन्याभरात त्या टॅप फिरवायला शिकल्या. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कापलेल्या धातूचा कीस अडकू द्यायचा नाही. सगळं सांगून झालं होतं, एक गोष्ट सोडून. टॅप लावण्याआधी आटेवाले भोकात एक बारीक तार सोडायचे, ती भोकाच्या तोंडाशी नखानं चिमटीत धरून बाहेर काढायचे आणि भोक किती खोल आहे ते बघायचे. सांगायचं ते विसरले नव्हते. उद्या सांगू, उद्या सांगू, असं रोज चाललं होतं.

शेवटच्या दिवशी सामान वाहणाऱ्या एका व्हॅनचं इंजिन आलं. सहा भोकांचे आटे गेलेले. ती मोठी करायचं काम आटेवाल्यांनी सकाळीच उरकलं. पाचव्याखालून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट जात होती, म्हणून ते त्यांनी उथळ ठेवलं. वरून सहाही सारखीच दिसत होती.

दुपारी वहिनी टेबलाशी उभ्या राहिल्या. ड्रायव्हर खोक्यावर बसून बघत होता. चार भोकं झाली तसा म्हणाला, "आटेवाले, संपलं तुमचं. वहिनींचा हात बघा, लोण्यात सुरी. तुम्ही आता नातवंडांच्या सायकलींचे नट आवळा."

"गप बस रे," वहिनी हसत म्हणाल्या. "भावजींनीच शिकवलंय."

आटेवालेही हसले. पण एकतीस वर्षांचं काम महिन्यात दुसऱ्याच्या हातात गेलेलं त्यांना बघवेना.

पाचव्या भोकात सातव्या फेऱ्याला टॅप थांबला. वहिनींनी मान वर केली. "घट्ट लागतंय, भावजी."

तळ लागलाय, एवढे दोन शब्द पुरले असते. ते ओठांपर्यंत आलेही. पण ड्रायव्हर त्यांच्याकडेच बघत होता, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "बघा की तुम्हीच."

वहिनींनी जोर लावला. कट्. अर्धा टॅप त्यांच्या हातात, अर्धा भोकात.

तुटलेला टॅप ड्रिललाही दाद देत नाही. बारीक छिन्नीनं त्याचा कण कण उडवत बसावं लागतं. वहिनींनी ड्रायव्हरला तीन दिवसांनी यायला सांगितलं. तो गेल्यावर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," आटेवाले म्हणाले.

सातची बस गेली तेव्हा ते टेबलावर वाकून ठोकत होते. तिसऱ्या दिवशी तुकडा निघाला. हात पुसून त्यांनी वहिनींना खुर्ची दिली आणि सांगायला बसले. तारेचं माप सांगितलं, कुठल्या बनावटीच्या इंजिनात कुठे पाणी वाहतं ते सांगितलं, टॅपचा आवाज कधी बदलतो ते तोंडानं काढून दाखवलं. वहिनी लिहीत होत्या. पानं भरली, चहा दोनदा निवला. लेकीचा फोन वाजून वाजून थांबला.

"अजून काय राहिलं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. खरंच काही नाही."

वहिनींनी पेन खाली ठेवलं नाही. त्या रागावल्याही नव्हत्या. "मी काय म्हणते, भावजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे मला कळणार कसं?"

 आटेवाल्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली आणि वहिनींचा विश्वास बसावा म्हणून, सांगायचं राहिलेलं आणखी काही सापडतंय का, ते आठवू लागले.