मुख दाखव, मग टिक

दिवसातून दहा वेळा 'साकायतु' म्हणून लगेच अकरावं काम हातात घेणारी बाई मी हजेरीअक्कांशिवाय दुसरी पाहिलेली नाही. साकायतु म्हणजे पुरे झालं, आता जीव नाही उरला. जिना चढून आल्या की साकायतु, पेपरांचा गठ्ठा दिसला की साकायतु. आम्ही कुणी ते मनावर घ्यायचो नाही. कुणीतरी चहा पुढे करायचं, अक्का अर्धा कप प्यायच्या आणि गुडघा चोळत पुढच्या तासाला निघायच्या.

अक्कांचं घर मंडी मोहल्ल्यातलं, चार पिढ्या म्हैसूरमध्ये मुरलेलं. घरात मराठी, पण दर दुसऱ्या शब्दाला कन्नड, आणि बाई असून 'मी येतो, मी जातो' म्हणायची पद्धत. मी नाशिकहून लग्न करून म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत आलेली, त्यांच्याच शाळेत हिंदी शिकवणारी. "तुझं मराठी पुस्तकातलं ग," त्या म्हणायच्या, "इस्त्री केल्यासारखं." मला राग यायचा. पण त्या गावात माझ्याशी मराठीत भांडणारं माणूस तेवढं एकच होतं, त्यामुळे तो फार टिकायचा नाही.

हजेरीअक्का हे नाव मुलींनी ठेवलेलं. बेचाळीस मुलींची हजेरी घ्यायला अक्कांना दहा-बारा मिनिटं लागायची. नाव पुकारायचं, मान वर करायची, त्या मुलीचा चेहरा दिसेपर्यंत थांबायचं आणि मगच खूण करायची. कुणी पुस्तकात डोकं घालून नुसतं 'हजर' म्हटलं तर चालायचं नाही. "आवाज नको, पुट्टी. मुख दाखव, मग टिक." रडून आलेली, उपाशी आलेली, ताप अंगावर काढणारी, सगळ्या त्या दहा मिनिटांत सापडायच्या. अक्कांचा गणिताचा तास रोज त्यापायी तोकडा पडायचा आणि मुख्याध्यापिका रोज कुरकुर करायच्या.

सत्र संपायच्या दिवशी त्यांची आणखी एक हजेरी असायची, फाटकापाशी. प्रत्येक मुलीने समोर यायचं, 'येते अक्का' म्हणायचं, आणि खूण झाल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मी नवी असताना हसले होते. अक्का हसल्या नाहीत. "पोरी शाळेत हरवत नाहीत ग," त्या म्हणाल्या, "सुट्टीत हरवतात. आपण उघडतो तेव्हा बाकावर जागा असते नि पोरीचं लग्न झालेलं असतं. येते म्हणून सांगितलं असलं की मला जाऊन विचारायला तोंड असतं."

मग ती साथ आली आणि शाळा फोनमध्ये गेली. वर्ग चालवायची जबाबदारी माझ्यावर पडली, का तर माझा नवरा कंपनीत संगणकावर काम करतो म्हणून. पडद्यावर काळे चौकोन आणि त्यांत नावं. अक्का माझ्या शेजारी बसून हजेरी घ्यायच्या आणि दर चौकोनापाशी चरफडायच्या. "हे मुख नव्हे, ही पाटी." कॅमेरा लावून मुख दाखवल्यावरच टिक करायच्या. ज्या मुली येतच नव्हत्या, त्यांच्या घरी दुपारभर फोन करत बसायच्या. आम्ही सगळेच तेव्हा नुसते रेटत होतो. सकाळी उठायचं, कोण गेलं ते ऐकायचं, आणि नऊला वर्ग सुरू करायचा.

मुलींची शाळा, म्हणून वरून सक्त सूचना होती की अनोळखी पुरुषाचं नाव दिसलं की ताबडतोब बाहेर काढायचं. शिवण्णा नावाचा एक माणूस आमच्या नववीच्या वर्गात रोज घुसायचा. गोल फोटोत मिशा, गॉगल. हजेरी सुरू व्हायच्या आत मी रोज त्याला हाकलायचे आणि शिक्षकांच्या खोलीत फुशारकीने सांगायचे. सगळ्यांनी मला शाबासकी दिली. अक्का तेवढ्या म्हणाल्या, "रोज येतो? नऊलाच? इतका नेम वाईट माणसाला असतोय का ग?" मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला यातलं कळत नाही." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

सत्र संपायला चार दिवस उरले असताना जवळच्या बन्नूर गावाहून एक अर्ज आला. नववीतल्या सौम्याच्या वडिलांचा. शाळेला आमची मुलगी नको आहे, तिचा दाखला द्यावा. सौम्या वर्षभर कधी दिसली नव्हती. तिच्या घरचा म्हणून आमच्याकडे जो नंबर होता तो बंद होता. अर्ज वाचून मी दाखल्याचा कागद काढला, कारण वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. अक्कांनी अर्जाखालची सही पाहिली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"शिवण्णा," त्या म्हणाल्या. "हा तुझा शिवण्णा का ग?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. अक्का उठल्या. "अय्यो, साकायतु मला. नडी, बन्नूरला जाऊ."

साठीला आलेली, साखरेचं दुखणं असलेली बाई, त्या दिवसांत बसने. मी नको म्हणाले, पण त्या ऐकायच्या नव्हत्याच. एका बाकावर एक माणूस, खिडक्या सगळ्या उघड्या, मास्कमागे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अक्कांनी हजेरीपट पदराखाली धरला होता. मी बाहेरचा ऊस बघत होते आणि पोचूच नये असं मनात म्हणत होते.

शिवण्णा चांगला माणूस निघाला, हे जास्त वाईट झालं. ओट्यावर चटई टाकून त्याने पाणी दिलं आणि कन्नडमध्ये सरळ सांगितलं, "पोरीसाठी हा फोन घेतला. मी शेतावर उशिरा जायला लागलो. रोज ती दप्तर घेऊन, वेणी घालून बसायची आणि रोज तुम्ही तिला बाहेर काढायचा. तीन महिने बघितलं. शाळेला नको असेल तर मी कशाला ठेवू? एक स्थळ आलंय, देऊन टाकतो." सौम्या दाराआड उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझा हात दाबला. "चूक आमची," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आम्ही पोरीचं मुख बघितलं नाही, नाव बघितलं." मग त्यांनी हजेरीपट उघडून त्याच्यापुढे ठेवला. सौम्याच्या नावापुढे सगळे रकाने कोरे होते. हजर नाही, गैरहजरही नाही. "बघितल्याशिवाय मी हजर लावत नाही. मग बघितल्याशिवाय गैरहजर कशी लावू? मी तुझ्या पोरीला शाळेतून घालवलेली नाही. जागा ठेवली आहे."

शिवण्णाने त्या कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दहावी होऊ दे. पुढचं पुढे." तेवढंच. परतीच्या बसमध्ये मी रडले. अक्का म्हणाल्या, "मास्क भिजेल, गप." आणि आपल्या बाकावर खिडकीला डोकं टेकून झोपून गेल्या.

सत्राचा शेवटचा दिवस हाच अक्कांच्या नोकरीचाही शेवटचा होता. ना हार, ना भाषणं. रिकाम्या शाळेत मी पडदा लावून दिला आणि अक्कांनी फाटकावरची हजेरी त्यावर घेतली. एकेक मुलगी चेहरा दाखवायची, 'येते अक्का' म्हणायची. कुणाच्या मागे शिलाईयंत्र, कुणाच्या कडेवर भावंड. शिवण्णा नावाच्या चौकोनात सौम्या आली, वेणी घालून. "येते अक्का." अक्कांनी तिच्याकडे पोटभर बघितलं आणि वर्षातली पहिली खूण केली.

फाटकापाशी मी म्हटलं, "येते अक्का." त्या थांबल्या. "मुख दाखव." मी मास्क खाली ओढला. त्यांनी हजेरीपट काढून भिंतीला टेकवला, काहीतरी लिहिलं आणि तो माझ्या हातात दिला. मीही म्हणायला हवं होतं, अक्का, तुम्हीपण मास्क काढा, एकदा बघू दे. मला सुचलं नाही. त्या रिक्षात बसल्या आणि हात हलवून गेल्या.

पुढच्या लाटेत अक्का गेल्या. मंडी मोहल्ल्यातली गल्ली बंद होती, कुणालाच जाता आलं नाही. हजेरीपट मी बऱ्याच दिवसांनी उघडला. बेचाळीस नावांखाली त्यांच्या अक्षरात त्रेचाळिसावं नाव होतं, माझं. पुढे एक खूण.

सौम्या दहावी झाली आणि आता रोज बन्नूरहून बसने कॉलेजात येते. नववीचा वर्ग माझ्याकडे आहे. हजेरीला माझीही दहा-बारा मिनिटं जातात, हिंदीचा तास तोकडा पडतो आणि मुख्याध्यापिका कुरकुर करतात. मी दमले आहे, खरंच दमले आहे. साकायतु म्हणते, आणि पुढचं नाव पुकारून मान वर करते.