तसं नसतं, साहेब

“उपमा नको मॅडम, डोकं फिरतं माझं.”

दौंड-शिरूर एस.टी.त हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मुद्दाम ऐकायला लागले. म्हणताना आमच्या कॉलेजातले एक सर उजव्या हाताचा पंजा असा आडवा धरायचे, पंगतीत नको असलेली भाजी अडवावी तसा. ही पुन्हा उपमाच झाली. पण मी मराठी शिकवते, माझं पोटच तिच्यावर चालतं. कॉलेजच्या कँटीनमध्ये मिळणारा उपमा मात्र ते मुकाट्यानं खायचे, आणि तो काही खाण्यासारखा नसायचा.

ते आमच्याकडे प्राणिशास्त्र शिकवत. कॉलेज शिरूर तालुक्यातलं. गाव सांगत नाही, कारण ज्यांनी चिडायला हवं ते सोडून भलतेच चिडतील. त्यांचंही नाव लिहीत नाही. मी कायम नोकरीत होते आणि ते तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि जून आला की पुन्हा अर्ज घेऊन दारात उभं राहायचं. नव्वदीची शेवटची वर्षं होती. आमच्या भागात गावोगाव कॉलेजं निघत होती, आणि त्यांच्या इमारतींवर खर्च व्हायचा तो शिकवणाऱ्यांच्या पगारात वाचवला जायचा.

आम्ही दोघंही दौंडचे. त्यांचे वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, थोरला भाऊही रेल्वेत. सकाळची गाडी पाटस, चौफुला, न्हावरे करत जायची आणि हे गृहस्थ प्रत्येक थांब्यावर कुणावर तरी चिडायचे. न्हावऱ्याला एक म्हातारे आबा कांद्याची गोणी घेऊन चढले आणि ती त्यांनी मधल्या वाटेत उभी केली. झालं.

“आबा, ही गाडी आहे का वखार? माणसांनी चालायचं कुठून?”

“तुम्ही म्हनाल तिथं ठिवतो सर.”

“आता काय ठेवता? द्या इकडं.”

मग शिरूरपर्यंत ती गोणी यांनी दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवली. आबा मधूनमधून म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या सर, म्या धरतो,” आणि हे खेकसायचे, “तुम्ही गप बसा.” शर्टाला कांद्याचा वास लागला तो दिवसभर गेला नाही, आणि त्याबद्दलही ते दिवसभर चिडलेले होते.

एकदा स्टाफरूममध्ये एक सहकारी मोठ्या कौतुकानं त्यांना म्हणाले, “सर, तुमचं मराठी किती छान आहे हो!” त्यांच्या हातातला कप बशीवर आपटला. “मग कुठलं असणार? चार पिढ्या दौंडात गेल्या आमच्या. तुमचं पण छान आहे.” सहकाऱ्यांना राग आला. मला म्हणाले, बघा, चांगलं बोललं तरी अंगावर येतो माणूस. मी त्यांना काहीही समजावलं नाही. ज्याला ते मुळात कळत नाही त्याला समजावून काय होणार?

त्यांचा जीव एका रिसेप्टरवर होता. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी एस.टी.त बसून मला हे इतक्या वेळा सांगितलंय की आता मीही सांगू शकते. आपल्या पेशीत प्रथिनं तयार होतात. त्यातल्या काहींचं काम पेशीतला कचरा विरघळवण्याचं, आणि कचऱ्याची पिशवी असते वेगळ्या ठिकाणी. नेमकी तीच प्रथिनं तिथे कशी पोचतात? तर त्यांच्यावर साखरेची एक खूण लागते. हा रिसेप्टर, म्हणजे तेही एक प्रथिनच, ती खूण धरतो, पिशवीच्या वाटेवर नेतो, तिथे आंबटपणा वाढला की सोडून देतो आणि रिकामा परत येतो, पुढचं धरायला. त्यानं धरलं नाही तर प्रथिनं पेशीबाहेर निघून जातात आणि आत कचरा साठत राहतो.

“म्हणजे हमालच की,” मी म्हणाले.

“नाही मॅडम. हमालाला पोट असतं.”

“मग करवला? नवरदेवाला मांडवापर्यंत पोचवतो आणि मागे फिरतो.”

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं ते चौफुल्यापर्यंत. मग स्वतःच वळून म्हणाले, “उपमा दिली की पोरगं म्हणतं, कळलं सर. कळलेलं काही नसतं त्याला. नुसतं ओळखीचं वाटलेलं असतं. ओळखीचं वाटणं आणि कळणं यात फरक आहे की नाही?” मी हो म्हणाले. त्या दिवशी वर्गात गेल्यावर मला माझी नेहमीची उदाहरणं देताना जरा अडखळायला झालं आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

वडगाव रासाईची एक मुलगी होती दुसऱ्या वर्षाला. तिनं पेपरात लिहिलं, रिसेप्टर हा पेशीचा पोस्टमन आहे. गाइडात तसंच छापलेलं होतं. यांनी तिला उभं केलं.

“पोस्टमन पत्ता वाचतो. हा कशानं वाचतो? डोळे कुठायत याला?”

मुलगी रडायला लागली. मग हे बसले तिच्यासमोर. वहीचा कागद फाडून खाच कापली, खुणेचा आकार कापला, बसवून दाखवला, काढून दाखवला. पुन्हा बसवला. संध्याकाळची गाडी गेली. मुलीला तिच्या चुलत्यांच्या मोटरसायकलवर बसवून दिलं आणि आम्ही दोघं चौफुल्यापर्यंत दुधाच्या टेम्पोत कॅनला धरून उभे. मी संतापले होते. ते मात्र खुशीत होते. “शेवटी काय म्हणाली ऐकलंत? म्हणाली, सर, ह्याला काहीच कळत नाही, तरी चुकत नाही. बास. अजून काय पाहिजे?”

मग कायम जागेची जाहिरात निघाली. प्राणिशास्त्र, एक जागा. ते सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास होते, शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांचं लग्न त्या एका शब्दावर अडलं होतं. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, विचारायचे, “पर्मनंट हायेत का?” आणि पुन्हा यायचे नाहीत. त्यांची आई मला स्टेशनजवळ भाजी घेताना भेटली की म्हणायची, “बाई, अबकी बार होईल ना त्याचं?”

मुलाखतीच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी फर्मावलं, नुसत्या गप्पा नकोत, पोरांसमोर शिकवून दाखवा. हॉलमध्ये पोरं बसवली. मागे आम्ही सगळे शिक्षक. पुढच्या खुर्च्यांवर अध्यक्ष, प्राचार्य आणि पुण्याहून आलेले विषयतज्ज्ञ. अध्यक्ष जमीनवाले, राजकारणातले, साखर कारखान्यावरही त्यांचं वजन. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांना कुणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि त्यानं माणसाचं जे होतं ते झालं होतं.

सरांनी रिसेप्टरच घेतला. काय शिकवलं त्यांनी त्या दिवशी! मागच्या बाकावरची, फक्त हजेरीला येणारी पोरंसुद्धा माना वर करून बघत होती. अध्यक्षही रंगले. खुर्चीत पुढे सरकून म्हणाले,

“म्हंजी सर, आपल्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन चिठ्ठी बघून उसाची ट्रॉली आत सोडतो, तसंच की ह्ये.”

आता तुम्हीच सांगा. हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी मागे बसून मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

त्यांचा पंजा वर गेला. “तसं नसतं, साहेब. वॉचमन माणूस ओळखतो. हा कुणाला ओळखत नाही. खूण बसली तर धरणार, नाही बसली तर नाही. इथे ओळख चालत नाही.”

हॉलमध्ये हशा पिकला. कारखान्याच्या गेटवर कुणाचा ऊस आधी आत जातो आणि कुणाचा रांगेत वाळतो, हे त्यातल्या प्रत्येक पोराला घरून माहीत होतं. सरांना कळेचना पोरं का हसतायत. ते प्रथिनाबद्दल बोलत होते हो! निव्वळ प्रथिनाबद्दल. पण अध्यक्ष लाल झाले, आणि प्राचार्यांनी घाईघाईनं पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

पुढचा उमेदवार कुणाच्या तरी मेहुण्याचा कुणीतरी होता. अध्यक्षांनी त्यालाही वॉचमनचं विचारलं. तो म्हणाला, “अगदी बरोबर साहेब. तंतोतंत तसंच.” जागा त्याला मिळाली.

पुण्याचे विषयतज्ज्ञ व्हरांड्यात माझ्याशेजारी हात धूत होते. मला म्हणाले, “तसं पहिल्या उमेदवाराचं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं.” मी विचारलं, “मग आत का नाही बोललात?” त्यांनी रुमालानं बोटं पुसली आणि जेवण कुठे आहे ते विचारलं. आजही त्यांची आठवण झाली की माझ्या कपाळाची शीर उडते. अध्यक्षांचं एक वेळ समजू शकते मी. या माणसाला तर माहीत होतं.

परतीच्या गाडीत मी सरांवर तुटून पडले. “एक हो म्हणायला काय जात होतं तुमचं? आईकडे तरी बघायचं. सरळ गाडी चालली होती, तुम्ही पायावर धोंडा पाडून घेतलात.”

ते चिडले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

“मॅडम, पोरं बसली होती ना समोर,” ते म्हणाले. “मी हो म्हणलो असतो तर उद्या पेपरात सगळ्यांनी वॉचमन लिहिलं असतं.”

त्यानंतरही ते येत राहिले. तासिका तत्त्वावरच. कायम झालेल्या त्या गृहस्थांना रिसेप्टरचा भाग जड जायचा, म्हणून तो यांच्याकडे. सकाळचा पहिला तास त्यांना नको असायचा, म्हणून तोही यांच्याकडे. त्या तासाला पोचेल अशी एस.टी. नव्हती. यांनी जुनी एम-एटी दुचाकी घेतली. मी म्हटलं, नाही म्हणून सांगा. इतरांना धडाधड नाही म्हणणारा हा माणूस तासाला कधी नाही म्हणाला नाही.

गाळप हंगाम होता. पहाटे, चौफुल्याच्या पुढे, रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता. लाल फडकंसुद्धा बांधलेलं नव्हतं. मी मागून एस.टी.नं आले तेव्हा रस्त्यावर ऊस विखुरलेला होता आणि लोक गाडीतून उतरून बघत होते. मी उतरले नाही. कुणाचं काय झालंय ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं, सरांच्या वर्गात पोरं तशीच वाट बघत बसून होती तेव्हा.

तिसऱ्या दिवशी शोकसभा. गेटजवळच्या फळ्यावर कुणीतरी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, आमच्या महाविद्यालयाचे प्राध्यापक, पुढे ‘प्रा.’ आणि त्यांचं नाव, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. हॉल तोच. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. “आमचे प्राध्यापक गेले,” ते म्हणाले. “संस्थेचा आधारवड गेला. ते आमच्या कुटुंबातलेच होते.” आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता, हेच मला सहन होईना. मग प्राचार्य बोलले, तेही प्राध्यापक म्हणाले. मग ज्यांना जागा मिळाली ते गृहस्थ बोलले.

सभा संपल्यावर चहा होता. सरांचे थोरले भाऊ दौंडहून आले होते, शेवटच्या रांगेत एकटेच बसले होते. मला बघून उठले.

“मॅडम, एक इचारू? आमचा धाकटा पर्मनंट झालावता का? घरी कवा बोलला न्हाई. आन् हितं समदे प्राध्यापक म्हनत्यात. बाहेर फळ्यावर पन लिवलंय.”

मी हातातला कप खुर्चीवर ठेवला.

“न्हाई म्हंजी, झाला आसंल तर अम्मीला सांगतो. तेवढंच तिला बरं वाटंल. सांगू का?”

एक हो म्हणायला काय जातं, असं मी सरांना विचारलं होतं. काय जातं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. चहाच्या टेबलाशी सगळे वळून बघायला लागले. “सांगू नका. झाले नव्हते. शेवटपर्यंत तासावर होते. या लोकांनी त्यांना घेतलं नाही.”

अध्यक्षांच्या हातात कप होता.

“बरं झालं इचारलं,” भाऊ म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि गेटकडे गेले. मी मागोमाग गेले, त्यांना स्टँडचा रस्ता दाखवायला. फळ्यापाशी ते थांबले. बोटाला थुंकी लावली आणि नावाआधीचा ‘प्रा.’ पुसला. मग वरच्या ओळीतला ‘प्राध्यापक’ हाताच्या तळव्यानं पुसला, नीट, खडूचा माग राहणार नाही असा. नाव तेवढं ठेवलं, आणि हात पॅन्टला पुसत दौंडच्या गाडीसाठी चालू लागले.