चौथ्या दिवसाचे मफिन

"सुतकाच्या घरात गोडाचा वास सुटलाय. आता दारात मांडव घाला आन् बँड बोलवा," आत्या अंगणातूनच ओरडत आली.

ही आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण. ती आमच्या भाजे गावात बोलली की मळवलीला स्टेशनमास्तर उगाचच झेंडी दाखवतो. त्या सकाळी तर लेण्यांतली वटवाघळंसुद्धा उठून बसली असतील.

मी स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण दाबून उभी होते. पातेल्याच्या तळाशी मीठ, मिठावर जाळी, जाळीवर पीठ भरलेल्या सहा वाट्या. अंडं नाही, दह्यातलं पीठ. पण दालचिनीला कोण अडवणार? ती झाकणाच्या फटीतून निघून चार घरं फिरून आली होती.

आईला जाऊन चौथा दिवस. सुतकात आमच्याकडे कढई चढत नाही, गोड होत नाही. भाऊबंद पाळीपाळीने पिठलं-भाकरी आणून देतात. भाकरी येत होती आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पुढ्यातून तशीच उठत होती. तीन दिवस नुसता कोरा चहा. तोंड भिंतीकडे. डॉक्टर सांगून गेले होते, आज पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात हलवायचं.

आई लोणावळ्याच्या एका बंगल्यात वीस वर्षं स्वयंपाकाला होती. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना सकाळी चहाबरोबर हे मफिन लागत. तिचा मफिन खाऊन एका पाहुण्याने बायकोशी धरलेला सात वर्षांचा अबोला सोडला, असं मी सासरी सांगते. खरं तर त्याने फक्त आणखी एक मागितला होता. उरलेले दोन-तीन डब्यातून घरी यायचे आणि सोमवारी सकाळी आबा ते खाऊन भाताच्या खाचरावर जायचे. बरे झालेत, वाईट झालेत, काही म्हणायचे नाहीत. डबा मात्र स्वतः धुऊन ठेवायचे.

आत्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आत्या, लग्न झालेल्या लेकीला सुतक तीन दिवसांचं. माझं काल फिटलं."

"आन् ग्यास कुनाचा? तुझ्या सासऱ्याचा?"

"गॅस इथला. मैदा, साखर, दालचिनी माझ्या पिशवीतली."

"लय शानी. वकीलच करायला पायजे हुती तुला. भावकी तोंडात शेण घालंल."

"भावकीची भाकरी तीन दिवस कुत्रं खातंय, आत्या."

ती गप्प झाली नाही. गप्प झालेली आत्या गावात कुणीच पाहिलेली नाही. पण आवाज खाली आला. आत वाकून तिने पातेल्याकडे पाहिलं. "करपतंय बघ," म्हणाली.

दोन करपलेच होते. उरलेले चार मी वाट्यांतून काढले. गरम असतानाच लोण्यात बुडवून दालचिनी-साखरेत घोळवायचे असतात, नाहीतर साखर धरत नाही. एरवी मी एकाचे दहा करून सांगते; पण हे आहे तेवढंच सांगतेय: निम्मी साखर ओट्यावर सांडली.

ताटली आबांच्या शेजारी ठेवली आणि मागे सरले. ते भिंतीकडे बघत राहिले. ताटलीतली वाफ विरली. मला वाटलं, झालं, आता गाडी बोलवावी लागणार.

मग त्यांचा हात आला. एक मफिन उचलून त्यांनी मोडला. अर्धा परत ठेवला, अर्धा खाल्ला. बराच वेळ चावत होते. मग ठेवलेला अर्धा खाल्ला. मग दुसरा. बोटांची साखर चाटली. आम्ही दोघी बघत उभ्या. आत्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण विचारल्यावाचून तिला राहवेना.

"दादा, सुतकात गोड खाल्लंस?"

आबा तांब्या उचलून पाणी प्यायले.

"भूक लागलती," म्हणाले.