मऊ टायर, कडक टायर आणि बापू गोरे

किस्से कोणी जमवत नाही. पंक्चरवाल्याच्या दुकानामागे जुने टायर साठतात तसे ते साठतात. कोणी आणून टाकले ते आठवत नाही आणि फेकूनही देववत नाहीत. देवासच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून मी जन्म काढला. दुसरे कधी आले आणि कधी गेले हे लिहिण्याचं काम. आता रिटायर झाल्यावर त्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते रविवार आणि बापू गोरे.

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीत केबल आली. बाकीच्या घरांत सिनेमे लागायचे, बापूंच्या घरी मोटारींच्या शर्यती. बापू इन्स्पेक्शन खात्यात होते. दिवसभर गेज लावून दुसऱ्यांनी केलेला माल नापास करायचे. स्वतः त्यांनी मोपेडपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण कोणत्या गाडीने कोणत्या फेरीला टायर बदलायला हवा, याबद्दल त्यांना कधी शंका नसे.

बघायला आम्ही तिघं जायचो: मी, मेंटेनन्समधले साठे आणि समोरचे राठौर भिया, ज्यांची भाड्याने फिरणारी जीप होती. नियम बापूंनीच केला होता. शर्यत सुटण्याआधी प्रत्येकाने भाकीत सांगायचं, कोण जिंकणार आणि किती वेळा टायर बदलून. ज्याचं चुकेल त्याने पुढच्या शर्यतीआधी गावातली माताजीची टेकडी चढायची.

आमचीही भाकितं चुकायची, पण अधूनमधून एखादं बरोबर यायचं. बापूंचं कधीच नाही. त्यांची मुलगी मेधा तेव्हा शाळेत होती. ती खुर्चीच्या हातावर बसून बापाची फजिती बघायची आणि शर्यत संपली की त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवायची.

एकदा शिफ्टला जाताना बापू मला म्हणाले, "जोशी, जास्त मागत नाही. एकदाच बरोबर यावं. मेधा सासरी जाण्याआधी, तिच्यासमोर."

*

टेकडीवर वाटेत एक फुलवाली बसायची. बापू इतक्या वेळा वर गेले की तिने त्यांच्याकडून नारळाचे पैसे घेणंच सोडलं. एकदा तिला राहवलं नाही.

"बाबूजी, ऐसी कौन-सी मन्नत हे जो पूरीज नी हो री?"

बापूंना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "लाल गाडी के पिछले टायर."

बाईने हात जोडले आणि दोन फुलं जास्त दिली.

*

हा सगळा टायरचा मामला आहे तरी काय, असं सुमनवहिनींनी, म्हणजे बापूंच्या पत्नीने, एकदा विचारलं. बापूंनी अर्धा तास समजावलं. शेवटी साठ्यांनी ते काम हातात घेतलं.

"वहिनी, मऊ टायर म्हणजे नवा मॅनेजर. पहिले काही दिवस नुसता पळतो, मग घसरायला लागतो. कडक टायर म्हणजे आपले जोशी. पळत नाहीत, पण झिजतही नाहीत."

मी हे कौतुक म्हणून घेतलं. दुसरा इलाज नव्हता.

पुढे एका वर्षी नियमच बदलला. टायर बदलायचे नाहीत, एकाच सेटवर शर्यत पुरी करायची. बापू आठवडाभर सुतकात. हे शक्यच नाही, माणूस असा चालवूच शकत नाही, असं जो भेटेल त्याला सांगत होते. वहिनी पोह्यांवर शेव घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्नापासून मी एकाच सेटवर चालवतेय. मला कोणी कप दिला नाही."

*

एका पावसाळ्यात बापूंनी खिडकीतून बाहेर बघून जाहीर केलं की आज शर्यतीत पाऊस पडणार आणि पावसाचे टायर आधी लावणारा जिंकणार.

"कशावरून?" मी विचारलं.

"टेकडीवर ढग आहे."

साठे म्हणाले, "बापू, शर्यत युरोपात आहे."

"मग? ढग काय टेकडीला बांधून ठेवलाय?"

शर्यत सुटली आणि आमच्याकडे असा पाऊस कोसळला की लाइट गेली. त्या काळात मध्य प्रदेशात लाइट जायला पावसाचीही गरज नसे, तेव्हा तर कारणच मिळालं. निकाल कळलाच नाही. रात्रभर बापूंनी आपण जिंकलो असं समजून सुखाची झोप घेतली. सोमवारच्या पेपरात एका कोपऱ्यात बातमी होती: शर्यत लख्ख उन्हात पार पडली.

संध्याकाळी बापू टेकडी चढले, तेव्हा पाऊस पडतच होता. भाकीत तसं खरं ठरलं, पण फक्त त्यांच्या डोक्यावर.

*

हळूहळू आमच्या लक्षात आलं की बापूंचं ज्ञान वाया घालवण्यासारखं नाही. ते ज्या गाडीचं नाव घेतील ती सोडून बाकीच्यांतून निवडायचं. मग आम्ही सगळे त्यांच्या भाकिताची वाट बघत गप्प बसायचो. बापूंना हे कळलं, तेव्हा तेही गप्प बसायला लागले. एका रविवारी चौघं तोंडं मिटून बसलो होतो आणि शर्यत सुटूनही गेली. चौघांनीही टेकडी चढावी, असा निकाल मेधाने दिला.

पण या विद्येचा खरा उपयोग मेधानेच केला. बारावीच्या रिझल्टच्या आदल्या दिवशी ती बापासमोर येऊन उभी राहिली. शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे तिची मराठी तिच्या पद्धतीची होती.

"बाबा, मी फेल होणार असं बोलून द्या ना."

बापू रडकुंडीला आले, पण बोलले. पोरगी फर्स्ट डिव्हिजनमध्ये आली. बापूंनी पेढे वाटले आणि मग टेकडी चढून आले. नियम म्हणजे नियम.

*

मेधाचं लग्न धारला ठरलं. व्याही जुन्या घराण्यातले, रिटायर्ड हेडमास्तर. सीमांतपूजन वगैरे आदल्या दिवसाचे सोहळे गाळायला ते कबूल झाले, पण मुहूर्त एक मिनिटही टळता कामा नये, अशी त्यांची अट होती. सकाळी देवासहून निघायचं, दुपारच्या मुहूर्ताला धारच्या मांडवात उभं राहायचं. नवरी, तिचे आई-बाप, साठे आणि मी राठौर भियांच्या जीपमध्ये, बाकी वऱ्हाड मागाहून बसने.

रस्ता त्या काळात असा होता की त्याला रस्ता म्हणणं हा सरकारचा आशावाद होता. बापूंनी टायर बघितले आणि एक पंक्चर धरूनच चालायचं ठरवलं. मग महिनाभर दर रविवारी कॉलनीमागच्या मैदानात आमची प्रॅक्टिस चालली. बापू जॅक लावणार, भिया नट काढणार, साठे चाक काढून चाक बसवणार. मी टाइम ऑफिसवाला, म्हणून घड्याळ माझ्याकडे.

स्टेपनी तेव्हा दुरुस्तीला दिलेली होती. म्हणून साठे जे चाक काढायचे, ते घेऊन एक गिरकी मारायचे आणि तेच परत बसवायचे. शेवटच्या रविवारी इतकं झटपट काम झालं की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनींनी बापूंना एकच शपथ घातली: लग्नाबद्दल एक अक्षर भाकीत करायचं नाही.

*

घाटाबिल्लोद मागे पडलं आणि मागचा टायर बसला. बापूंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मुलीच्या लग्नाच्या दिवशी पंक्चर झालेल्या बापाला शोभणारा नव्हता.

जीप थांबताच तिघं खाली. जॅक लागला, नट निघाले, साठ्यांनी चाक उपसलं, गिरकी मारली, चाक बसवलं, नट आवळले, जॅक खाली. मी घड्याळ बघितलं. आमच्या प्रॅक्टिसपेक्षाही वेगवान. आत नवरीने टाळ्या वाजवल्या. भियांनी गाडी सोडली.

जीप थोडी पुढे गेली आणि डगडगत थांबली. भिया उतरले, मागे जाऊन बघून आले. आवाज अगदी शांत होता.

"साठे भिया, ये तो वोईज टायर हे."

स्टेपनी मागे जागच्या जागी लटकत होती. दुरुस्त, फुगलेली, एकदम तयार.

यानंतर भियांनी आम्हा तिघांना कडुलिंबाखाली उभं केलं आणि एकट्याने चाक बदललं. त्यात भरपूर वेळ गेला. वहिनींचे डोळे भरून आले होते. व्याही काय म्हणतील, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

गाडी सुरू झाली. मेधाने मुंडावळ्या बाजूला केल्या.

"बाबा, आता बोलून द्या."

बापूंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली. शपथ सुटली.

बापूंनी डोळे मिटले आणि जड आवाजात म्हणाले, "आज मुहूर्त चुकणार."

राठौर भियांनी 'जय माताजी' म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. रस्त्यातले खड्डे आम्ही पाहिले नाहीत, फक्त मोजले. धारच्या मांडवासमोर जीप थांबली, तेव्हा मुहूर्ताला थोडा वेळ बाकी होता. हेडमास्तर व्याही दारात घड्याळ बघत उभे होते. त्यांनी चक्क मान डोलावली. वहिनींनी माताजीला हात जोडले. साठे बापूंच्या कानाशी लागले, "चला, पुढच्या रविवारी टेकडी."

बापू हसून हो म्हणाले.

मेधा पाटावर उभी राहिली. समोर नवरा मुलगा. अंतरपाट धरला. अक्षता वाटून झाल्या. मग कोणीतरी विचारलं, भटजी कुठे आहेत?

भटजी व्याह्यांच्या घरचे, अमझेऱ्याहून स्कूटरवर यायचे होते. आले ते मुहूर्त टळून बराच वेळ झाल्यावर, घामाघूम, हाताला काळं ग्रीस.

"क्षमा असावी," ते म्हणाले. "वाटेत टायर बसला."

हेडमास्तर खाली बसले. भटजींनी त्याच हाताने पंचांग उघडलं आणि संध्याकाळचा मुहूर्त शोधायला लागले. अंतरपाटाच्या कडेने मेधाने बापाकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे, हे आम्हा चौघांनाच कळलं.

बापू मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते.

मुहूर्त टळल्याचा व्याह्यांचा राग तिथेच विरघळला. ते उठले, बापूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गोरेसाहेब, मुलीच्या बापाचं असंच होतं."

"हो ना," बापू म्हणाले. "किती वर्षं वाट बघितली."