एकशे एकावर उठायचं

अल्फारेटातल्या आमच्या कॉलनीत माझ्या घरासमोर एक काका राहतात. नागपूरचे, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. काकू गेल्यावर लेकीनं त्यांना इकडे अमेरिकेत आणलं. लेक सकाळी लॅपटॉपसमोर बसते ती संध्याकाळी उठते. काकांना गाडी येत नाही, आणि इथे ज्याला गाडी येत नाही तो माणूस म्हणजे हॉलमधला सोफा. कुणी उचलून नेला तरच हलायचा.

उचलून न्यायचं काम मी आपण होऊन घेतलं. पन्नाशी उलटली, मुलं आपापल्या गावी गेली, नवरा निवृत्तीची तालीम म्हणून दुपारी झोपतो. माझ्याकडे गाडी होती, वेळ होता आणि उपद्व्यापाची आवड तर जन्मजातच. महिन्यातून एका शुक्रवारी मी काकांना घेऊन डोंगरातल्या कॅसिनोला जायचे. सकाळी निघायचं, वाटेत पोळीभाजीचे रोल खायचे, दुपारी खेळायचं, संध्याकाळी घरी. काका कानटोपी घालून यायचे, कारण कॅसिनोच्या एसीपुढे त्यांच्या मते नागपूरचा जानेवारी काहीच नाही.

ते खेळायचे व्हिडिओ पोकर. पडद्यावर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती बदलायची. गुलामाची जोडी किंवा त्याहून वरचं काही जमलं की पैसे मिळतात. आजूबाजूला इतकी झगमगती यंत्रं असताना काका ह्याच्याच प्रेमात का पडले? एका डावाला पाव पाव डॉलरची पाच नाणी लागायची. म्हणजे सव्वा डॉलर!

"सव्वा!" पहिल्याच दिवशी ते हरखून म्हणाले होते. "अगं पोरी, ही तर दक्षिणा झाली. ह्या लोकांना कुणी सांगितलं असेल?"

लेकीनं परवानगी दिली ती एका अटीवर. साठ डॉलर. ते संपले की उठायचं, साठावर एक पैसा मशीनमध्ये जाता कामा नये. गेला, तर सहली बंद. तिला पैशांची चिंता नव्हती. एकट्या पडलेल्या माणसाला मशीनचा नाद लवकर लागतो, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं आणि ती खरोखर घाबरली होती. परत आल्यावर दारातच ती एकच प्रश्न विचारायची, "बाबा, लिमिट पाळली?" आणि ज्या माणसानं जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, तो लेकीपुढे खोटं बोलणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हरण्याची मर्यादा काका सुंदर पाळायचे. साठ संपले की पंगतीतून उठावं तसे तृप्त उठायचे. भानगड झाली ती जिंकण्याच्या मर्यादेची. एकदा लेकीनं सहज विचारलं, "जिंकायला लागलात तर कधी उठणार? त्याचाही गोल सेट करा ना."

काकांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकशे एक."

"डन," लेक म्हणाली. मी साक्षीला होते. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? अहेराचं पाकीट असो की देवापुढचं ताट, आपल्यात पूर्ण शंभर कोण ठेवतं? वर एक हवाच.

पुढच्याच खेपेला काकांचं नशीब फळफळलं. साठाचे ऐंशी झाले, नव्वद झाले, आणि एका फ्लशनंतर, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची लागल्यावर, पडद्यावर शंभर उमटले. नेमके शंभर. मी बसल्या जागी टाळी वाजवली.

"काका, उठा!"

"काहून उठू? एकशे एक कुठे झाले?"

"शंभर झाले की! एका डॉलरसाठी काय अडून बसायचं?"

"शून्यावर उठत नसतात," काका म्हणाले आणि बटण दाबलं.

त्यानंतर पानांनी अशी पाठ फिरवली म्हणता! बदामाच्या रांगेत एक किलवर, राजाशेजारी दुर्री. बघता बघता आकडा सत्तरवर आला. शेजारच्या मशीनवरच्या आजीबाईंनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. त्यांना वाटलं, हा म्हातारा हावरट आहे. आता त्यांना अहेराचं पाकीट कसं समजावून सांगू?

बसल्या बसल्या मी बोटांवर हिशेब करू लागले, आणि मला हसू आवरेना. डाव सव्वाचा, बक्षिसंही सव्वाच्याच पटीत. पूर्ण डॉलरचा आकडा आला तर शेवटी शून्य येणार, नाहीतर पाच. एक कधीच येणार नाही. आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो असतो तरी ते मशीन एकशे एक दाखवणार नव्हतं.

मी हे सांगितल्यावर काकांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "म्हणजे ह्या मापाचं वजनच नाही इथे."

"मग शेवटचा डाव पाव डॉलरचा खेळत चला, जमेल कधीतरी."

"सव्वा सोडून पाव? छट्."

"बरं, सव्वाशे करा गोल. तेही शुभच."

"लेकीला एकशे एक सांगितलंय. तिला न विचारता आकडा बदलू?"

आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं. तीन अठ्ठ्या आल्या. त्यांनी उरलेली दोन पानं बदलली. चौथी अठ्ठी अशी टपकन येऊन बसली की जणू तिला यायला जरासा उशीर झाला होता इतकंच. मशीन वाजायला लागलं. आकडा धावत सुटला आणि थांबला. पुन्हा शंभर!

आता काकांचं बोट बटणाकडे निघालेलं मला दिसलं. ते बोट पोचलं असतं तर आम्ही पुन्हा उतरणीला लागलो असतो. मी पर्स उघडली, एक डॉलरची नोट काढली आणि मशीनच्या तोंडात सरकवली. मशीननं ती आनंदानं गिळली.

एकशे एक.

मी दोन्ही हात पसरून उभी राहिले. पडदा पडावा, टाळ्या व्हाव्यात असा तो क्षण. काकांचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला.

"पोरी, हे काय केलंस? साठावर एक गेला."

"माझा गेला! तुमचा कुठे?"

"मशीन माझं होतं. कुणाची नोट ते मशीन विचारत नाही." त्यांनी पैसे काढायचं बटण दाबलं. बाहेर आलेली पावती उलटसुलट करून पाहिली आणि खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर त्यांनी रोलसुद्धा खाल्ला नाही. खिडकीतून डोंगर बघत होते, पुन्हा दिसायचे नाहीत अशा नजरेनं. मी मात्र वकिलाचं भाषण जुळवत होते. नवा डॉलर मशीनमध्ये पडला खरा, पण त्यावर डाव खेळलाच नाही. शिवाय तो काकांनी मागितलाही नव्हता. शिवाय जिंकलोय!

दारातच प्रश्न आला. "बाबा, लिमिट पाळली?"

"नाही," काका म्हणाले. "एकसष्ट गेले."

मी भाषण सुरू केलं. लेकीनं ते शांतपणे ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग विचारलं, "ताई, नोट टाकली कुणी?"

"मी."

"म्हणजे बाबा रूल पाळतात. ज्यांच्याबरोबर मी त्यांना पाठवते, त्या पाळत नाहीत."

मी पर्स पाठीमागे धरली.

"ती बिचारी मदतच करत होती," काका म्हणाले. "सहली बंद करायच्या तर कर. ठरलंच होतं तसं."

लेक दाराला टेकून उभी राहिली. कानटोपीखालच्या त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत होती. "बंद नाही," ती म्हणाली. "पण आता ताई नाही. मी येईन."

"तुला सुट्टी मिळेल?" काकांनी इतक्या आशेनं विचारलं की मी पर्समध्ये माझ्या घराची किल्ली शोधायला लागले.

"घेईन."

मला वाटलं होतं, एकदा जाईल आणि कंटाळेल. पण महिन्यातल्या एका शुक्रवारी आता त्या दोघांची गाडी निघते आणि मी खिडकीतून हात हलवते. लेकही शेजारच्या मशीनवर बसते. तिची हरण्याची मर्यादा चाळीस डॉलर, जिंकण्याची मात्र तिनं ठेवलेलीच नाही. परवा काका माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते.

"मी तिला म्हटलं, तुझा आकडा सांग. तर म्हणते, तुम्ही उठलात की मी उठेन. ही काय मर्यादा झाली?"

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? पैसे संपत आले की हळूहळू खेळतो," काका म्हणाले.